चहा फावेल, की कॉफी?

शनिवारी सकाळी जशुभाईंचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. जशुभाई, माझ्या नणंदेचे स्नेही, मला एरवी कधी फोन करत नाहीत, त्यामुळे नाव बघूनच हात थांबला. "भाभी, बेन दरवाजो नथी खोलतां," ते म्हणाले, "तुम्ही किल्ली घेऊन आवो ने." आवाज अगदी शांत होता. मला काय ते कळलं होतं, तरी रिक्षात बसल्यावर मी कारणं जमवत राहिले... अंघोळीला गेल्या असतील, नळ मोठा सोडला असेल, डोळा लागला असेल, हल्ली ऐकूही कमी येतं. कारेलीबागेतल्या माझ्या घरापासून सुभानपुऱ्याला पोचेस्तोवर सात-आठ कारणं झाली. एकही उपयोगी पडलं नाही. दार उघडलं तर शरयूवन्सं खिडकीजवळच्या त्यांच्या वेताच्या खुर्चीत बसलेल्या होत्या, चष्मा मांडीवर, मान जराशी कलंडलेली. डॉक्टर म्हणाले, त्रास झालेला नसावा. जशुभाई उंबऱ्याशीच उभे होते. हातात खमण ढोकळ्याचा पुडा होता आणि तो कुठे ठेवायचा ते त्यांना सुचत नव्हतं. शेवटी तो मीच घेतला.

शरयूवन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही, एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात सगळं आयुष्य नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर सुभानपुऱ्यातल्या दोन खोल्यांत एकट्या राहिल्या. पंच्याहत्तरी गाठली होती. त्यामुळे पुढचे तेरा दिवस मी एकच वाक्य ऐकत होते, मराठीतून आणि गुजरातीतूनही. एकटी गेली बिचारी. जो येई तो आधी हे म्हणे आणि मग माझ्याकडे बघे. कारण ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली, मुलगा पुण्यात, म्हणजे रांगेत पुढचा नंबर माझाच. माझा मुलगा अमेय तर दहाव्याच्याच दिवशी म्हणाला, "आई, आत्यासारखं तुझं व्हायला नको. पुण्याला चल आमच्याकडे. इथला फ्लॅट काढून टाकू." मी म्हटलं, "चालेल." तो लगेच कामाला लागला. गोत्रीच्या एका कुटुंबाला आमचं घर पसंतही पडलं, आणि महिनाअखेरीस मी पक्कं हो म्हटलं की पुढचं सगळं तो बघणार होता. हा लेख वन्संवर आहे, पण हे आधी सांगितलेलं बरं. गेले काही आठवडे मी त्यांची आठवण काढते आहे ती निव्वळ मायेनं नाही. मला त्यांच्याबद्दल एक गोष्ट शोधून काढायची होती, कारण माझं उत्तर तिच्यावर अडलं होतं. ही बाई खरंच सुखात होती का? की आम्हा सगळ्यांना चाळीस वर्षं बनवत होती?

मी साताऱ्याची. लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा ही माणसं मराठी बोलतात, एवढ्यावर मी निर्धास्त होते. पहिल्याच सकाळी स्वयंपाकघरात गेले तर वन्सं गॅसपाशी उभ्या. मला बघून म्हणाल्या, "ये नीला. तुला चहा फावेल, की कॉफी?" आता साताऱ्यात फावणं म्हणजे काय, तर आई घरात नसली की आमचं फावायचं. 'बरं फावलंय तुझं' हे आमच्याकडे पाठीत धपाटा घालायच्या आधी म्हणतात. मला वाटलं, झालं, नणंदेनं पहिल्याच दिवशी टोमणा मारला... सासरी पाऊल ठेवलं नाही तोच कॉफी हवी का महाराणीला? मी मान खाली घालून म्हटलं, "मला काय, काहीही चालेल." त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि चहाच्या आधणात आणखी एक कप पाणी घातलं. दुपारी मी ह्यांच्यासमोर रडले तेव्हा हे आधी घाबरले आणि मग पोट धरून हसले. बडोद्याच्या मराठीत फावणं गुजरातीतून आलंय. फावणं म्हणजे जमणं, मानवणं, मनाला सोयीचं वाटणं. "अगं, ताई तुला काय आवडतं ते विचारत होती," हे म्हणाले. पण तोवर चहा ठरून गेला होता. माहेरी मी कॉफी पिणारी मुलगी, आणि त्या दिवसापासून आलं-पुदिना घातलेला, सढळ साखरेचा चहा पीत आले. सक्ती कोणी केली नाही. नंतर सांगायचं राहून गेलं, एवढंच.

याच शब्दानं वन्संचं लग्न मोडलं, असं माझ्या सासूबाई म्हणत. मी येण्याच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. पुण्याचं स्थळ आलं होतं. मुलगा बरा, नोकरी चांगली, घरचे सभ्य. मुद्दाम बडोद्याला येऊन माणसं मुलगी बघून गेली. चिवडा झाला, चहा झाला, आणि मुलाच्या आईनं कौतुकानं विचारलं, "मग काय शरयू, येणार ना पुण्याला?" वन्सं सरळ म्हणाल्या, "तुम्ही सगळे फार छान आहात. पण मला नाही फावणार." त्या बाईंना वाटलं, मुलीला सवड नाही. त्या म्हणाल्या, "अगं, फावायचं काय त्यात? नोकरीत रजा मिळत नसेल तर तुझ्या सवडीनं करू. आम्ही पुढचे मुहूर्त बघतो." आणि पुण्याला परत जाऊन त्यांनी खरोखर तीन मुहूर्त पत्रानं कळवले. हे सांगताना सासूबाई कपाळाला हात लावत, पण हसू त्यांनाही आवरत नसे. मला खोदून विचारायची वाईट सवय आहे. एकदा दोघीच असताना मी वन्संना म्हटलं, खरं सांगा, नाही का म्हणालात? दुसरं कोणी होतं का मनात? त्या म्हणाल्या, "कोणी नव्हतं. मी फक्त डोळ्यांपुढे आणून बघितलं. सकाळी उठलेय, ते घर, ती माणसं, डबे भरतेय. वाईट काहीच दिसेना. पण त्या सगळ्यात मीही कुठे दिसेना." मला वाटलं होतं, काहीतरी चमचमीत बाहेर पडेल. मी जरा निराशच झाले.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. गावाबाहेरून, विश्वामित्रीच्या काठावरून आणलेली झाडंझुडपं वर्तमानपत्राच्या घड्यांत घालून लाकडी फळ्यांखाली दाबायची, वाळली की जाड कागदावर चिकटवायची, खाली नाव, गाव, तारीख लिहून कपाटात लावायची. पुढे कधी कोणाला बघावंसं वाटलं तर बघता यावं म्हणून. नातेवाइकांत 'शरयू गवत चिकटवते' असंच म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. मध्यंतरी त्यांना कचेरीत बढती मिळत होती, स्वतःचं टेबल, हाताखाली चार माणसं. त्यांनी लेखी नकार दिला. हे केवढे चिडले होते. "ताई, अख्खं बडोदं हसेल तुला." वन्सं म्हणाल्या, "हसू दे की. मला झाडं फावतात. हाताखाली माणसं नाही फावत." एवढं काय असतं त्या गवतात म्हणून मी एकदा त्यांच्याबरोबर गेले. पाऊण तास त्या एका पानाशी खेळत होत्या, ओल्या कुंचल्यानं त्याची दुमड सोडवत. एका डहाळीवरचं एखादं पान मुद्दाम उलटं चिकटवायचं असतं म्हणे, म्हणजे दोन्ही बाजू दिसतात. मी विचारलं, "कंटाळा नाही येत?" मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुला पोळ्या करताना येतो?" मी म्हटलं, "येतो की." "मग कोणाला सांगितलंस कधी?" खरं सांगायचं तर मला रागच आला. कोणाला सांगून पोळ्या व्हायच्या थोड्याच थांबणार होत्या?

असा राग साठत गेला. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा आम्ही सगळे एकाच घरात होतो. वन्संनी मला विचारलं, "सकाळ-संध्याकाळ आईचं सगळं मी करते. रात्रीचं उठणं मला नाही फावत. तुला फावेल?" मी म्हटलं, "चालेल." मग चार-पाच महिने मी रात्री उठत होते आणि दिवसा अमेयच्या शाळेच्या डब्यापासून सगळं होतंच. एका रविवारी दुपारी गच्चीवर दोघी चादरी वाळत घालत होतो, आणि माझ्या तोंडून निघालं, "वन्सं, तुमचं फावतं, कारण माझं चालतं." वाक्य असं घडाघडा आलं, पाठ केलेलं असावं तसं. त्यांच्या हातातली चादर हातातच राहिली. मला वाटलं, आता भांडण. त्या म्हणाल्या, "पण मी विचारलं होतं तुला." मी म्हटलं, "विचारलं होतं. पण मी नाही कसं म्हणणार?" "तोंडानं," त्या म्हणाल्या. "तू चालेल म्हणालीस ते मी खरं धरलं, नीला. दुसरं काय धरायचं होतं मी?" मग चिमटे लावता लावता त्या म्हणाल्या, "मला रात्रीचं फावत नाही, हे खरंच आहे. तुलाही फावत नाही, हे आज कळलं. तेव्हा आता अर्धं अर्धं."

सासूबाई गेल्या तोवर एकाआड एक रात्र वन्संनी काढली. आणि रोज सकाळी चहा घेताना न चुकता सांगत, "मला हे अजिबात फावत नाही." डोळे लाल, आवाज बसलेला, पण सूर तक्रारीचा नाही, आज उकडतंय म्हणावं तसा. आवडत नसलेलं काम आवडतंय असं दाखवायची त्यांना गरजच वाटत नसे. मी मात्र माझी पाळी नसलेल्या रात्रीही टक्क जागी असायची, आणि कोणी विचारलं की म्हणायची, छान झोप झाली. आम्हा दोघींत नाटक कोण करत होतं, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. मी त्यांच्याच चेहऱ्यावर संशय धरून बसले होते.

संशयाला जागाही होती, आणि ती जागा म्हणजे जशुभाई. वन्संच्या कॉलेजातले ग्रंथपाल, विधुर, लहान चणीचे, बोलायला गोड. दर शनिवारी सकाळी ते खमण घेऊन येत, वन्सं चहा करत, आणि तासभर दोघं भिंगातून एखादं बी नाहीतर फूल बघत. कधी नुसतेच बसत. पाहुण्यांची खुर्ची वन्संनी मुद्दाम टणक ठेवली होती, कोणी फार वेळ टेकू नये म्हणून, पण जशुभाई तिच्यात उशी न घेता मजेत बसत. मला यात गोष्ट दिसत होतीच. पुष्कळ वर्षं मागे लागून एकदा मी ती काढून घेतली. पन्नाशीत जशुभाईंनी वन्संना लग्नाचं विचारलं होतं. "मग?" मी म्हटलं. "मी म्हटलं, शनिवार फावतो. रोज नाही फावणार." "आणि ते?" "ते म्हणाले, सारू, ठीक आहे. आणि पुढच्या शनिवारी आले." झाली गोष्ट. त्यानंतरही मी दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले, कुठे चोरटं दुःख सापडतं का म्हणून. जशुभाईंना खोकला आणि वन्संना गुडघा, यापलीकडे काही सापडलं नाही.

हे गेले तेव्हा मी वन्संना म्हटलं, आता आपण दोघीच उरलो, या माझ्याकडे राहायला. त्या हो म्हणणार, याची मला खात्री होती. त्या म्हणाल्या, "राहायला नाही फावणार गं. पण मंगळवारी येत जाईन." मला फार लागलं ते. ज्याचं माणूस गेलंय त्याला कोणी असं तोंडावर सांगतं? आठवडाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही. पण मंगळवारी दहाला त्यांची स्कूटी फाटकाशी आली, आणि पुढची तीन वर्षं येतच राहिली. हेल्मेट काढायचं, केस सारखे करायचे, मोबाइल पिशवीत टाकायचा, आणि संध्याकाळी पाचपर्यंत त्या पूर्ण माझ्या असत. कधी सेव-उसळ खायला बाहेर पडायचो, कधी हे कसे घोरत यावर हसायचो, कधी रडायचो. अमेय रोज फोन करतो, गुणी आहे तो, पण बोलताना त्याच्या बोटांखालच्या कीबोर्डचा आवाज मला येत असतो. वन्संच्या मंगळवारी असा कुठला आवाज नसे. मी सोमवारपासून वाट बघायची. हे त्यांना सांगायला हवं होतं. तेही राहिलं, आणि आता त्याचं मला फार वाईट वाटतं.

गेल्या शनिवारी मी त्यांचं घर आवरायला गेले. जशुभाई आले होते, हातात खमण, सवयच ती. खरं सांगते, मी आवरायला कमी आणि शोधायला जास्त गेले होते. न पाठवलेलं एखादं पत्र, एखादी वही, उशाशी झोपेच्या गोळ्या... काहीतरी असेल, म्हणजे अमेयचं बरोबर ठरेल आणि मी गुपचूप पुण्याला जाईन. कपाट बघितलं, ट्रंक उपसली, गादीही उचलली. लाकडी फळ्यांखाली टाकळ्याची एक डहाळी होती, वाळलेली, चिकटवायची राहिलेली, एक पान उलटं. बाकी त्या घरात कोणाला दाखवायला ठेवलेलं काही नव्हतं, आणि कोणापासून लपवलेलंही नव्हतं. रोज सुखात होत्या का, ते मी नाही सांगू शकत. मग स्वयंपाकघराकडे वळले. फडताळात वरच्या कप्प्यात, चहा-साखरेच्या डब्यांमागे, कॉफीची बाटली दिसली. न फोडलेली. वन्संना कॉफीचा वाससुद्धा सहन होत नसे. मला वाटलं, सापडलं शेवटी. बाटली घेऊन बाहेर आले आणि जशुभाईंना विचारलं, "तुम्ही कॉफी पिता?"

"ना रे भाभी," ते म्हणाले, "ए तो तुमची छे."

मला काही उमगेना. मग त्यांनी त्यांच्या त्या अर्ध्या गुजराती, अर्ध्या मराठीत सांगितलं. माझ्या लग्नात, साताऱ्याला, वन्संनी मला मांडवामागे मोठा पेला भरून कॉफी पिताना बघितलं होतं. म्हणून पहिल्या सकाळी विचारलं. मी काहीही चालेल म्हटलं, तेव्हा त्यांनी ते खरं धरलं. पण गच्चीवरच्या त्या दुपारनंतर त्यांना तो पेला आठवला, आणि तेव्हापासून त्यांनी, आधी आपल्या कपाटात आणि इथे आल्यावर फडताळात, एक बाटली ठेवायला सुरुवात केली. जुनी झाली की टाकायच्या, नवी आणायच्या. "मी म्हणायचो," जशुभाई म्हणाले, "बेन, भाभीला सीधी बनवून द्या ने. तर म्हणायच्या, ना. मी होऊन दिली तर ती परत चालेल म्हणेल. मागेल तेव्हा देईन." मी तिथेच ओट्याला धरून रडले. वीसेक वर्षं ती बाटली माझ्या मागण्याची वाट बघत होती, आणि मी पलीकडच्या खोलीत बसून चहा संपवत होते. रागही आला. सांगायचं ना बाई, एकदा तरी सांगायचं. पण सांगितलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मी दूध तापवलं, बाटली फोडली, कॉफी केली आणि कप घेऊन त्यांच्या वेताच्या खुर्चीत बसले. पहिल्यांदाच बसले त्या खुर्चीत. तेवढ्यात अमेयचा फोन. "आई, गोत्रीची माणसं विचारताहेत. हो सांगू ना?" चालेल हा शब्द जिभेवर आला होता. मी एक घोट घेतला आणि डोळ्यांपुढे आणून बघितलं. पुण्याचं घर, मोठं, हवेशीर. सून चांगली. सकाळी उठलेय, सगळे कामाला गेलेत, मी गॅलरीत. वाईट काहीच दिसेना. "अमेय," मी म्हटलं, "मला नाही फावणार." बडोद्यात वाढलेला मुलगा, त्याला शब्द कळला. पण फोन स्पीकरवर असावा, कारण माझी सून मृण्मयी, पक्की पुण्याची, मागून म्हणाली, "आई, मग घाई नको ना. तुमच्या सवडीनं करू. सामान बांधायला आम्हीच येतो." मी इतकी हसले की कप खिडकीत ठेवावा लागला. डोळे अजून ओलेच होते. अमेयला वाटलं, आईचं काहीतरी बिनसलंय. त्याला म्हटलं, "दिवाळीनंतर महिनाभर येईन. तेवढं फावेल. घर विकायचं नाही. आणि आत्याला बिचारी म्हणू नकोस." तो दुखावला, ते मला फोनवरही कळलं, आणि मला ते मुळीच बरं वाटलं नाही. पण शब्द मागे घेतला नाही.

वेताची खुर्ची मी माझ्याकडे आणणार आहे, असं जशुभाईंना सांगितलं. त्यांनी फोनवरचं सगळं ऐकलं होतं. खमण बशीत काढत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तो भाभी, शनिवारे हूं कारेलीबाग आवूं? फावशे तुम्हाला?" लोक काय म्हणतील, हा विचार सवयीनं येऊन गेला. मग मी खरोखर विचार केला, मला शनिवारी काय असतं. सकाळी आठवड्याची भाजी असते, दुपारी भजनाच्या बायका येतात.

"शनिवार नाही फावणार, जशुभाई," मी म्हटलं. "तुम्ही मंगळवारी या. माझा मंगळवार आता रिकामा असतो."